ओरेशकोवोच्या भिंतीतले लाल दोरे

ओरेशकोवोच्या मैदानावर पहिल्यांदा येणारा माणूस मैदान बघत नाही, भिंत बघतो. मैदानात बघण्यासारखं तसं काही नाहीच. गवत एका अंगाला गुडघ्याएवढं, दुसऱ्या अंगाला औषधालाही नाही. इथला ‘झिदार’ हा संघ बल्गेरियातल्या सगळ्यात खालच्या साखळीत खेळतो आणि त्याच्याखाली आणखी साखळी नसल्यामुळे तिथंच टिकून आहे. पण पूर्वेकडच्या गोलामागं, चार पावलांवर, दीड पुरुष उंचीची जी दगडी भिंत डोंगर पाठीवर घेऊन उभी आहे, तिच्यापाशी सगळ्यांचे पाय थांबतात. तिच्या फटीफटीतून लाल लोकरीच्या दोऱ्यांची टोकं बाहेर आलेली दिसतात. शेकड्यांनी असतील. काही ताजी, काही पार विटून करडी पडलेली. ती ओढायची नाहीत. दर वर्षी एखादा शहाणा पाहुणा ओढून बघतोच, आणि मग संध्याकाळभर गावातल्या म्हाताऱ्या त्याच्याकडे असं काही बघत राहतात की त्याला जेवण जात नाही.

हे दोरे तिथं का आहेत त्याची गोष्ट सांगतात. ऐकण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथं आजीला ‘बाबा’ म्हणतात, बापाला ‘ताते’ आणि वडीलधाऱ्या पुरुषाला ‘बाय’. आणि हो म्हणायला मान आडवी हलवतात, नाही म्हणायला उभी. विसरलात तर फजिती तुमची, करमणूक आमची.

तर झिदार म्हणजे गवंडी. हे गावच गवंड्यांचं. इथल्या माणसांनी बांधलेले पूल अजून लांबलांबच्या नद्यांवर उभे आहेत, इथल्या माणसांनी घडवलेल्या चर्चच्या मनोऱ्यांत अजून घंटा वाजतात, आणि त्याचा तोरा इथल्या कोंबड्यांतसुद्धा आहे. मोठं युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हा या गवंड्यांनी डोंगराचा पायथा खणून मैदान केलं. डोंगराची माती खाली येऊ नये म्हणून ही भिंत बांधली. पुढच्या वसंतात बर्फ वितळलं आणि भिंत पडली. दोष पाण्याला दिला. पुन्हा बांधली, पुन्हा पडली, तेव्हा दोष चुन्याला दिला. तिसऱ्यांदा पडली तेव्हा एकमेकांना दिला.

नदीपल्याडच्या झाबेनो गावाला आणखी काय हवं होतं? झाबेनो म्हणजे बेडकांचं गाव, तिथली माणसं दलदलीत भोपळे लावतात आणि फुशारक्या मारतात. ती सामन्याला येताना खांद्यावर लाकडी वासे घेऊन यायची. विचारलं की म्हणायची, “तुमच्या भिंतीला टेकू लावायला आणलेत!” वर जिल्ह्याच्या समितीचं पत्र आलं. भिंत आणखी एकदा पडली तर मैदान बंद, आणि मग झिदारनं आपले घरचे सामने झाबेनोच्या मैदानावर खेळावेत. बेडकांच्या मैदानावर! पत्र मोठ्यानं वाचून दाखवताना संघाचा अध्यक्ष मारीनको न्हावी मध्येच थांबला आणि ज्याची दाढी करत होता त्याचा एक गाल साबणातच राहिला म्हणे.

चौथी भिंत बांधण्याचं काम उस्ता ग्रूयोकडे आलं. उस्ता म्हणजे मोठा मिस्त्री. ग्रूयो विधुर, पन्नाशी ओलांडलेला, हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. त्याला एकच मुलगा, ल्युबेन, बावीस वर्षांचा, झिदारचा गोलरक्षक. बापानं अडवलेली माती खाली यायची आणि लेकानं अडवायचे चेंडू आत जायचे, असं झाबेनोवाले म्हणत. ग्रूयो ते ऐकून घ्यायचा. पण आतून ते त्याला पोखरत होतं. पडलेल्या तिन्ही भिंतींवर त्याचाही हात फिरला होता.

आता जुन्या गवंड्यांची एक रीत होती. ती उघडपणे कुणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होती. बांधकाम उभं राहत नसेल तर त्याला जीव हवा असतो. म्हणून एखाद्या माणसाची सावली लाल दोऱ्यानं मापायची आणि तो दोरा भिंतीत चिणायचा. भिंत मग शंभर वर्षं हलत नाही. ज्याची सावली गेली तो मात्र चाळीस दिवसांत जातो, आणि मेल्यावर त्या भिंतीची राखण करत बसतो. माप घेताना दोनच अटी. त्या माणसाला कळता कामा नये, आणि मापणाऱ्यानं त्याचं तोंड पाहता कामा नये.

ग्रूयोनं मनाशी ठरवलं. जीव घ्यायचाच, तर झाबेनोचा घ्यावा.

इथं ओरेशकोवोची एक लबाडी सांगायला हवी. सामने संध्याकाळी होत. उत्तरार्धात सूर्य पश्चिमेला उतरला की पूर्वेच्या गोलात, म्हणजे भिंतीसमोर, उभ्या राहणाऱ्या गोलरक्षकाच्या डोळ्यांत थेट ऊन जायचं. म्हणून उत्तरार्धात तो गोल नेहमी पाहुण्यांना. जुने पंच आधी भाजलेलं कोकरू खाऊन यायचे, नाणं उडवायच्या भानगडीत पडायचे नाहीत. सहा वर्षं झाबेनोचा गोलरक्षक किरचो, डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर हात धरून, त्या उन्हात उभा राहून शिव्या देत होता. पाठीमागं भिंतीवर त्याची टोपीवाली सावली हलायची. ग्रूयोला तीच हवी होती.

चौथी भिंत उभी होत आली होती. मे महिन्यात झाबेनोशी सामना होता, त्या दिवशी पूर्वार्धभर ग्रूयो डोंगराआड चुना कालवत बसला. मध्यंतरात लोक खाण्यापिण्यात गुंतले तेव्हा तो थापी आणि घमेलं घेऊन भिंतीशी आला आणि मैदानाकडे पाठ करून काहीतरी डागडुजी करतोय असं दाखवत बसला. उत्तरार्ध सुरू झाला. भिंतीवर सावली चढली. टोपी, खांदे, कंबर. चेंडू लांब गेला तशी सावली स्थिर झाली. ग्रूयोनं दोरा लावला, जिथं ती भिंतीवर चढत होती तिथपासून टोपीच्या टोकापर्यंत, आणि कापला. त्यानं मागं पाहिलं नाही. दोरा फटीत सारला, चुना भरला, त्यावर पांढरा दगड बसवला आणि थापीच्या मुठीनं तीनदा ठोकला.

तेवढ्यात एक चेंडू धाडकन भिंतीवर आपटून त्याच्या पायाशी आला. मागून आवाज आला, “ताते, चेंडू दे.”

ग्रूयो वळला. टोपी घातलेला ल्युबेन हात पुढे करून उभा होता.

झालं होतं असं. त्या दिवशी जिल्ह्यानं नवा पंच पाठवला होता. पोरसवदा, चष्मेवाला, कोकराला हात न लावणारा. त्यानं नाणं उडवलं. झाबेनोनं नाणेफेक जिंकली आणि सहा वर्षांचा सूड घेतला. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. नव्हतं ते एकट्या डोंगराआड बसलेल्या ग्रूयोला.

“ताते, बरं नाही का? दे की चेंडू!”

ग्रूयोनं चेंडू दिला.

दगड काढून दोरा परत घ्यावा, तर तेही नाही. एकदा दिलेलं काढलं की भिंत पडते आणि ज्याचं माप त्याच्यावरच पडते, अशी रीत. ग्रूयोनं स्वतःच ती चार नवशिक्यांना शिकवली होती.

मग चाळीस दिवस सुरू झाले. ग्रूयोनं ल्युबेनला परांचीवर चढू दिलं नाही. पुलावरून जाऊ दिलं नाही, नदी ओलांडायची तर गुडघाभर पाण्यातून, तीही बापाचा हात धरून. बावीस वर्षांचा सहा फुटी बाप्या बापाचा हात धरून नदीत उतरलेला बघून धुणाऱ्या बायकांच्या हातातली धुणी वाहून गेली म्हणे. माशातले काटे ग्रूयो स्वतः काढायचा. ल्युबेन शिंकला की ग्रूयोच्या हातातला चमचा खाली पडायचा. सरावाला तो गोलाच्या खांबाशी उभा राहून हळूच सांगायचा, “जोरात आला तर बाजूला हो हं. गोल काय, पुन्हा होतात.” संघाच्या कप्तानानं हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

आणि भिंत? पंधराव्या दिवशी असा पाऊस झाला की डोंगरावरून तीन झाडं मुळासकट खाली आली. लोक धावत मैदानावर गेले. भिंत जागची हलली नव्हती. मारीनको न्हाव्यानं आनंदानं टोपी उडवली, घंटा वाजवली. ग्रूयो एकटा कडेला उभा होता, पांढराफटक. भिंत पडली असती तर निदान रीत खोटी आहे असं म्हणता आलं असतं.

तेहेतिसाव्या दिवशी बाबा राइनानं त्याला पकडलं. बाबा राइना गावातली सगळ्यात म्हातारी बाई, संघाचे सदरे धुणारी, पाठीत पार वाकलेली, जिभेनं मात्र ताठ. सदरे वाळत घालायला ती मैदानावर आली तर ग्रूयो पांढऱ्या दगडाला छिन्नी लावून बसलेला, ना ठोकतोय, ना काढतोय.

“कुणाची?” तिनं विचारलं. तिला दुसरं काही विचारावं लागलंच नाही. तिचा नवराही गवंडी होता.

ग्रूयोनं सांगितलं. सगळं. लहान मुलासारखं रडून सांगितलं.

“गाढवा,” बाबा राइना म्हणाली, “बेडकांचा झाला तरी तो एका आईचाच मुलगा होता ना? त्याचं मोजायला निघालास आणि स्वतःच्या घरचं मोजून आलास.” आणि सदरे तसेच टाकून ती काठी टेकत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. आणि मग ओरेशकोवोत जे सुरू झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. लोक सावलीसावलीनं चालायला लागले. रस्त्याच्या उन्हाच्या बाजूला कुत्रं दिसेना. गवंडी समोरून आला की माणसं घरात शिरायची, मग घर कुणाचं का असेना. शिंप्याकडे कुणी माप द्यायला फिरकेना. पोप आवराम, चर्चचा पाद्री, ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून रविवारी तासभर बोलला आणि परत जाताना छत्री उघडून गेला. आभाळ निरभ्र होतं.

ल्युबेनला हे तिसऱ्याच कुणाकडून कळलं. तो घरी आला, टेबलाशी बसला, कांदा फोडून भाकरीशी खाल्ला.

“किती राहिले?”

“सहा,” ग्रूयो म्हणाला.

“म्हणजे झाबेनोशी परतीचा सामना आहे त्याच दिवशी.” झाबेनोचं मैदान पुराच्या गाळात बुडालं होतं, म्हणून तोही सामना इथंच होता.

“तू खेळायचं नाहीस.”

“मग गोलात कोण, तू?” ल्युबेन हसला. पण कांद्याच्या निमित्तानं डोळे पुसत तो बराच वेळ बसला, असं सांगतात.

चाळिसावा दिवस उजाडला. अख्खं ओरेशकोवो आणि अख्खं झाबेनो मैदानावर लोटलं होतं. झाबेनोवाल्यांनी वासे आणले नव्हते. नाणेफेक पुन्हा त्यांनीच जिंकली, आणि त्यांच्या कप्तानानं दिशा निवडताना मान खाली घातली. गेल्या वेळच्याच ओघात त्यानं तीच दिशा घेतली, मग चूक कळली, पण चष्मेवाल्या पंचानं बदलू दिलं नाही. म्हणजे उत्तरार्धात, सूर्य उतरताना, ल्युबेन पुन्हा त्याच भिंतीसमोर.

पूर्वार्धात गोल झाला नाही. कुणाला खेळायचंच नव्हतं. मध्यंतराची शिट्टी झाली आणि बाबा राइना मैदानात शिरली. काखेत लाल लोकरीचा हा एवढा गुंडा. एक मार्चला इथं सगळे एकमेकांना लाल-पांढरा दोरा बांधतात, त्यासाठी घरोघरी लोकर ठेवलेली असते. म्हातारीनं सहा दिवसांत दार ठोठावून ठोठावून ती गोळा केली होती. ती भिंतीपुढं उन्हाकडे तोंड करून उभी राहिली.

“ए ग्रूयो! ये, माझी माप.”

“बाबा, तू काय...”

“माप म्हणते ना! या भिंतीला एक जीव ओळखता येतो. सगळ्या गावाचे दोरे तिच्या पोटात घातले तर कुणाला न्यायचं हे तिला कळेल का? न्यायचंच झालं तर तिला सगळ्यांना न्यावं लागेल, आणि एवढी म्हातारी माणसं सांभाळायची तिची छाती नाही.”

ग्रूयोनं तिची सावली मापली. वाकलेली असल्यामुळे दोरा वीतभरच लागला. मग त्यानं थापी तिच्या हाती दिली आणि स्वतः उभा राहिला. दोन दोरे आत गेले.

आणि मग कुणीच पुढे येईना.

आठशे माणसं बूट बघत उभी. मारीनको न्हावी म्हणाला, “मी बुटका आहे, माझी काय सावली!” आणि तीन माणसांच्या मागं गेला. कप्तानाला पोटरीत गोळा आला. ल्युबेन मैदानाच्या मध्यावर उभा राहून हे बघत होता. तो कुणाला या म्हणाला नाही. सूर्य वीतभर खाली आला. ग्रूयो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला, ज्यांची घरं त्यानं बांधली होती त्यांच्या तोंडाकडे, आणि जो तो मान वळवू लागला.

तेव्हा झाबेनोच्या बाजूनं एक टोपी हलली. किरचो. तो सावकाश चालत मैदान ओलांडून आला, भिंतीपुढं उभा राहिला आणि ग्रूयोला म्हणाला, “बाय ग्रूयो, या भिंतीत माझी सावली जायची होती असं ऐकलं.”

ग्रूयो हातातला दोरा गुंडाळू लागला.

“मग घे की. पण या वेळी नीट बघून माप. मागच्यासारखं आंधळं काम नको.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. आणि मग झाबेनोची माणसं उठली! बेडकं रांगेत उभी राहिली आणि ओरेशकोवोवाले अजून बाकावर, ही लाज मात्र कुणाला सोसवेना. रेटारेटी झाली. रांगेत मध्येच घुसण्यावरून दोन मारामाऱ्या झाल्या. पोप आवरामनं छत्री मिटली. मारीनको न्हाव्यानं बाकावर उभं राहून मापून घेतलं, दोरा लांब भरावा म्हणून. पंचाला शिट्टी तोंडात असतानाच मापला. गावातल्या सगळ्या गवंड्यांनी थाप्या काढल्या. मध्यंतर दीड तास चाललं.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा सूर्य डोंगरांच्या कडेला टेकत आलेला. ल्युबेनच्या डोळ्यांत नुसती आग. पहिला गोल त्याला दिसलाच नाही, दुसऱ्याचा आवाज आला, तिसरा त्याच्या कानावरून गेला. भिंतीशी ग्रूयो मुठी आवळून उभा होता आणि प्रत्येक गोलानंतर मुलगा वाकून चेंडू उचलतोय एवढंच बघत होता. चौथ्या चेंडूला ल्युबेननं आडवी झेप घेतली, खांबावर खाडकन आवाज झाला आणि तो पडला. उठला नाही.

ग्रूयो धावला. गुडघ्यांवर बसला, पोराचं डोकं मांडीवर घेतलं. ल्युबेनच्या कपाळातून रक्त येत होतं. त्यानं एक डोळा उघडला.

“ताते... गोल झाला?”

“झाला रे बाळा!” ग्रूयो ओरडला, त्याचा मुका घेत ओरडला, “झाला! झाला!”

आपल्या मुलावर झालेला गोल इतक्या आनंदानं कुठल्या बापानं साजरा केला नसेल. पाठोपाठ सूर्य बुडाला. मैदानावर कुणाचीच सावली उरली नाही. कपाळाला रुमाल बांधून ल्युबेन खांबाला धरून उभा राहिला. चाळिसावा दिवस संपला, आणि झिदार चार-शून्यनं हरला होता.

ल्युबेन पुढं एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन, नातवाच्या लग्नात भरपूर नाचून, आपल्या बिछान्यात गेला. बाबा राइना त्या दिवसानंतर एकोणीस वर्षं जगली आणि रोज संध्याकाळी भिंतीपुढं उभी राहून ‘मी अजून आहे गं’ म्हणून तिला चिडवायची. भिंतीला एकाचाही जीव मिळाला नाही. पण उपाशी ती राहिली नाही, असं सांगतात. तिनं प्रत्येकाकडून चिमूट चिमूट घेतलं. कुणाच्या डाव्या पायातलं बळ, कुणाची शेवटच्या मिनिटाची नजर, सगळ्यांच्या नशिबातलं थोडं थोडं. म्हणून झिदार वरच्या साखळीत कधी गेला नाही. एकदा जाणार होता. शेवटच्या सामन्यात दोन गोलांनी पुढे होता, दहा मिनिटं उरली होती. तेव्हा गर्दीचं ओरडणं आपोआप बंद पडलं आणि सगळे चोरून भिंतीकडे बघू लागले. हिनं चिमटीनं घ्यायचं सोडून मुठीनं घ्यायला सुरुवात केली तर? खेळाडूंनीही बघितलं. तीन-दोननं हरले, आणि सगळ्या गावानं सुटकेचा श्वास सोडला. झाबेनोही खालच्याच साखळीत आहे, हे वेगळं सांगायला नको. त्यांचेही दोरे आहेत ना आत.

आजही झिदारच्या प्रत्येक घरच्या सामन्याआधी दोन्ही संघ आणि पंच त्या भिंतीपुढं उन्हात उभे राहतात आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई, हल्ली बाबा झ्लाता, त्यांच्या सावल्या मापते. आजही संघ पुढे असला की प्रेक्षक दबक्या आवाजात बोलतात. आणि आजही, गावात नवं माणूस आलं की त्याला आधी या भिंतीपुढं आणतात, ऊन डोळ्यांवर येईल असं उभं करतात आणि एक लांबलचक गोष्ट सांगतात, म्हणजे ते हलत नाही. मागं वळून बघायला हरकत नाही आता. बाबा झ्लाताचं काम झालंय. तुम्ही उंच दिसता, दोरा बराच लागला.